'फक्त भाव काढायला' दिलेली फाइल

एका कंपनीला ग्राहकांना भेट द्यायला सहा इनॅमल पिनांचा (कपड्यावर किंवा बॅगेवर लावायच्या, रंग भरलेल्या धातूच्या बिल्ल्यांचा) संच हवा होता, प्रत्येकीवर एक पक्षी. माझी स्केचेस आवडली, दुरुस्त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. करार मात्र 'लीगलकडे' अडकलेला, आणि आगाऊ रक्कम करारानंतर येणार होती.

एका संध्याकाळी फोन आला, "कारखान्याकडून भाव काढायचाय, व्हेक्टर फाइल आत्ता पाठवा, नाहीतर तारीख चुकेल." मी पाठवली, म्हणजे जिच्यावरून थेट साचा बनवता येतो ती मूळ फाइल. पँटोन क्रमांकांसकट (नेमकी छटा सांगणारे ठरलेले रंग-क्रमांक), सगळे लेयर उघडे.

पिनचं काम केलेल्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पिनवर प्रत्येक रंग धातूच्या रेषेनं चहूबाजूंनी बंद करावा लागतो, नाहीतर इनॅमल शेजारच्या रंगात उतरतं. रेष फार बारीक ठेवली तर साच्यात नीट उमटत नाही. फट अरुंद असली तर तिच्यात रंग भरता येत नाही. एवढ्याशा जागेत पक्ष्याचं पीस दाखवायचं तर काय ठेवायचं, काय सोडायचं, यातच माझे आठवडे गेले होते. ती सगळी मेहनत त्या एका फाइलमध्ये होती.

त्यानंतर कोणी फोन उचलेना. पुढे 'प्रकल्प रद्द' अशी एका ओळीची मेल आली.

काही महिन्यांनी ओळखीच्या एका मुलीच्या बॅगेवर माझा खंड्या दिसला. त्याच्या चोचीखाली मी एक आडवी रेष घातली होती, निव्वळ रंग अडवायला. खऱ्या पक्ष्याला तिथे असं काही नसतं. ती रेष जशीच्या तशी होती. मागच्या बाजूला माझी सही होती, तिथे आता कंपनीचा लोगो.

कंपनीला विचारलं तर म्हणाले, "आमच्याच टीमनं केलंय." तारखांसह स्केचेस दाखवल्यावर एका चित्राचे पैसे देऊ केले. मी घेतले नाहीत. वकिलामार्फत नोटीस गेली आहे.

भाव काढायला कारखान्याला ही फाइल लागतच नाही. माप, रंग किती, हार्ड इनॅमल (वरून सपाट) की सॉफ्ट (रंग रेषेपेक्षा खोलगट), मुलामा कोणता, मागे क्लच (पिन अडकवायची टोपी) एक की दोन, नग किती, एवढं पुरतं. चित्र दाखवायचंच असेल तर लहान जेपीईजी द्या, त्यावर आडवं नाव टाकून. मला हे ठाऊक होतं, तरी 'तारीख चुकेल' ऐकून घाबरले. आणि करारात नगांची संख्या लिहून घ्याच, कारण साचा एकदा पडला की पुढच्या पिना काढायला तुम्हाला कोणी विचारत नाही.

बाकीचे पाच पक्षी मला अजून दिसलेले नाहीत. असा संच कुणाकडे असेल तर पिनांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून मला नक्की पाठवा.