गवताची वाट सांगून वाळूवर नुसते ब्लॉक मांडून दिले

दारापर्यंत गवत भरलेल्या जाळीच्या पेव्हर ब्लॉकची वाट करून घेतली आणि उघड उघड लुबाडले गेले. लिहायला लाज वाटते, पण हाच कंत्राटदार उद्या तुमच्या अंगणात उभा असेल.

अंदाजपत्रकात होतं: १५० मिमी खडीचा दाबलेला थर, वर ३० मिमी वाळू, त्यावर ८० मिमीचे ब्लॉक. ७० टक्के आगाऊ, ब्लॉक बसल्यावर २०, गवत धरल्यावर १०. वाट खचली तेव्हा ब्लॉक उचकटून टेप लावला. ब्लॉक ६० मिमीचे, खाली ४० मिमी वाळू आणि त्याखाली सरळ अंगणातली माती. खडीचा एक दाणा नाही!

खोदाईच्या दिवशीच हे डोळ्यांसमोर होतं, तेच मनातून जात नाही. थरांची बेरीज २६० मिमी, आणि चर जेमतेम घोटाभर. मी विचारलंही. "ताई, वाट जमिनीपेक्षा वर घ्यायची, नाहीतर पाणी साचेल." पटण्यासारखंच होतं ते! रोज हेच काम करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? धुमस मारल्याचा आवाजही येत होता. प्रत्येक थर झाकण्याआधी टेप लावून फोटो काढाच.

गवताचीही तीच तऱ्हा. जाळीतली माती ब्लॉकच्या कडेपेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली ठेवतात, म्हणजे पाय गवताच्या बुडख्यावर पडत नाही. यानं चिकणमाती काठोकाठ चेपून वर हिरवळीचे तुकडे खोचले. २० टक्के घेताना सगळं हिरवंगार. पिवळं पडल्यावर म्हणे, पाणी घातलं नाही. घातलं होतं, ते मुरतच नव्हतं! शेवटचे पैसे देण्याआधी गवत ओढून पाहा, मुळासकट हातात आलं तर देऊ नका.

पोलीस म्हणाले, काम तर झालंय, हा दिवाणी मामला. मी ग्राहक तक्रारीसाठी गेले तर पावतीवर नुसतं 'अंगणातील वाट, सर्व कामासहित'. अंदाजपत्रकावर सही नाही. फोटो दाखवले तर, हे तुमच्याच अंगणातले कशावरून? मग तज्ज्ञाचा अहवाल आणा, तोही स्वतःच्या खर्चानं. टेप लावून पोरालाही दिसेल त्याला अहवाल? उठून अंगणात येऊन बघायला एकही माणूस तयार नाही! प्रत्येक खिडकीवर नवा कागद, आणि कंत्राटदार मात्र मोकळा. थरांची जाडी पावतीवरच लिहून घ्या, सहीसकट.

उरलेल्या १० टक्क्यांसाठी त्याचे फोन अजून येतात. ते मी देणार नाही. वाट तशीच ठेवली आहे. अहवाल होईपर्यंत दुरुस्तीला कुणालाही हात लावू देणार नाही, तुम्हीही देऊ नका.