अडकलेलं जहाज, अनोळखी जीव: तीन स्पेस ऑपेरांपैकी आधी कोणता वाचावा?

जहाज निकामी झालंय, परतीची वाट बंद आहे, आणि जवळच माणसाहून पूर्णपणे वेगळा, पण बुद्धिमान जीव राहतोय. या एका कल्पनेवर इंग्रजीत ढीगभर स्पेस ऑपेरा, म्हणजे अंतराळातल्या मोठ्या पटावरच्या साहसी कादंबऱ्या, आहेत. त्यांपैकी तीन मला मनापासून आवडतात आणि नेमक्या याच तिघींमध्ये नवा वाचक गोंधळतो. डेव्हिड ब्रिनची ‘स्टारटाइड रायझिंग’ (१९८३), आणि व्हर्नर विंजच्या दोन: ‘अ फायर अपॉन द डीप’ (१९९२) आणि ‘अ डीपनेस इन द स्काय’ (१९९९). तिन्हींना विज्ञान-साहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळालाय, त्यामुळे पुरस्कार बघून निवड होत नाही. तिन्ही जाडजूड आहेत, त्यामुळे पानं मोजूनही होत नाही.

माझं मत आधीच सांगते. आयुष्यात यातली एकच वाचणार असाल, तर ‘डीपनेस’ वाचा. पण सुरुवात प्रत्येकाने तिथूनच करावी असं मला वाटत नाही. त्याचं कारण सांगायचं, तर माणसं किती काळ अडकून पडतात इथपासून सुरुवात करावी लागेल. ‘स्टारटाइड’मध्ये हा मुक्काम थोड्या आठवड्यांचा आहे, ‘फायर’मध्ये महिन्यांचा आणि ‘डीपनेस’मध्ये जवळपास चाळीस वर्षांचा. आठवडे असतील तर ती सुटकेची गोष्ट होते. चाळीस वर्षं असतील तर ती संसाराची, राजकारणाची आणि गुलामगिरीची गोष्ट होते. तिन्ही पुस्तकांतला खरा फरक हा आहे.

‘स्टारटाइड’पासून सुरू करू. स्ट्रीकर नावाचं जहाज आहे आणि त्यावर दीडशेच्या आसपास डॉल्फिन, सात माणसं आणि एक चिंपांझी. कप्तान डॉल्फिन आहे, क्रायडायकी. माणसाने जनुकीय बदल करून डॉल्फिन आणि चिंपांझींना बोलतं, विचार करतं केलंय, आणि आता ते बरोबरीने अंतराळात निघालेत. वाटेत त्यांना ५०,००० बेवारस जहाजांचा एक अतिप्राचीन ताफा सापडतो. ही बातमी फुटते आणि आकाशगंगेतल्या झाडून साऱ्या कट्टर जमाती स्ट्रीकरच्या मागे लागतात. जहाज किथ्रुप नावाच्या पाण्याने व्यापलेल्या ग्रहावर, समुद्राच्या तळाशी दडून बसतं. वर आकाशात शिकारी आपापसात लढताहेत, खाली दुरुस्ती चाललीय. पाण्यात धातूंचं प्रमाण इतकं की ते हळूहळू अंगात भिनणारं विषच.

या पुस्तकाची ताकद जहाजावरच्या मंडळींमध्ये आहे. डॉल्फिनांचं शहाणपण कोवळं आहे, अवघ्या काही पिढ्यांचं. ताण असह्य झाला की त्यांची भाषा तुटते आणि ते पूर्वजांच्या शिट्ट्यांवर येतात. हुद्दा, शिस्त, प्रशिक्षण, सगळं विसरून नुसता समुद्रातला प्राणी उरतो. आणि ताण तर रोज वाढतोय. कोण टिकेल, कोण ढासळेल, याची धाकधूक बाहेरच्या युद्धापेक्षा जास्त वाटते. बरे असतात तेव्हा हेच डॉल्फिन हायकूसारख्या त्रोटक ओळींत बोलतात. जहाज दुरुस्त करता करता कुणी तीन ओळींत थट्टा करतो, कुणी तीन ओळींतच हुकूम देतो. वाचताना तो लहेजा कानात बसतो.

ब्रिनच्या विश्वाचा पाया आपल्याकडच्या वाचकाला चटकन भिडेल असा आहे. तिथे प्रत्येक जमातीला आणखी जुन्या जमातीने ‘वर आणलेलं’, म्हणजे बुद्धिमान केलेलं असतं, आणि त्या उपकाराची फेड म्हणून लाख वर्षं ताबेदारी करावी लागते. माणसाला कोणी वर आणलं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून तो सगळ्यांच्या डोळ्यांत सलतो. त्यातून त्याने डॉल्फिनांना बरोबरीचा मान दिला, हे तर जास्तच. वंश, मान, ऋण, पायरी यांवर उभा असलेला समाज कसा वागतो, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

त्रुटी आहेत. माणूस-पात्रं डॉल्फिनांच्या मानाने फिकी आहेत आणि त्यांची प्रेमप्रकरणं जुनाट वाटतात. वर लढणाऱ्या परग्रहींच्या जमाती इतक्या की कोण कुठला याची गल्लत होते. मुख्य म्हणजे, परग्रहींशी संपर्क बराचसा शत्रुत्वाचाच राहतो. त्यांचं मन आतून समजलं असं समाधान हे पुस्तक देत नाही. पण प्रकरणं छोटी आहेत, बहुतेकांच्या माथ्यावर त्या त्या पात्राचं नाव आहे आणि वेग उत्तम आहे. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी कादंबऱ्यांकडे वळलेल्या वाचकाला तिघींत हीच सर्वांत सोपी जाईल. मालिकेत हिचा क्रमांक दुसरा आहे, तरी पहिली ‘सनडायव्हर’ वाचलेली नसली तरी काही अडत नाही.

आता ‘फायर’. विंज सॅन डिएगोच्या विद्यापीठात गणित आणि संगणकशास्त्र शिकवत. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले. त्यांनी आकाशगंगेचे थर कल्पिले आहेत. केंद्राकडे बुद्धीच चालत नाही, त्याबाहेरच्या संथ पट्ट्यात प्रकाशाहून वेगाने जाता येत नाही (पृथ्वी तिथलीच), आणखी बाहेर गेलं की वेगही येतो आणि यंत्रंही हुशार होतात, आणि सर्वांत बाहेर देवांसारख्या शक्ती. अशाच सीमेवर काही संशोधक एक जुनं दुष्ट अस्तित्व चुकून जागं करतात. त्यातून एक कुटुंब जहाज घेऊन पळतं. जहाजात दीडशेच्या वर मुलं शीतनिद्रेत आहेत. ते मध्ययुगीन पातळीच्या एका ग्रहावर उतरतात, उतरल्या उतरल्या हल्ला होतो, आई-वडील मारले जातात. जाग्या असलेल्यांपैकी वाचतात ती दोन मुलं, योहाना आणि तिचा लहान भाऊ जेफ्री. तीही दोन विरोधी सरदारांच्या हाती पडतात. प्रत्येकाला वाटतं की दुसरा मेला.

आणि मग ते जीव. मी वाचलेल्या परग्रहींमध्ये यांना तोड नाही. दिसायला कुत्र्यांसारखे. पण एक प्राणी म्हणजे एक व्यक्ती नव्हे. चार ते आठ प्राण्यांचा कळप मिळून एक व्यक्ती होते, आणि त्यांना जोडून ठेवतो तो आवाज. माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीतून त्यांचे विचार सतत एकमेकांत वाहत असतात. एकटा प्राणी निव्वळ जनावर.

या एका कल्पनेतून विंज किती गोष्टी काढतात ते पाहण्यासारखं आहे. दोन कळप जवळ येऊन बोलूच शकत नाहीत, मनं एकमेकांत मिसळतात. गर्दी म्हणजे वेडेपणा, आणि हातघाईची लढाई तर शुद्ध हरपून लढावी लागते. हात नाहीत, म्हणून दोरी बांधायची तर दोघे-तिघे तोंडांनी टोकं धरतात आणि चौथा लांबून बघतो. कळपातला एखादा मेला की माणसाचा स्वभाव बदलावा तसा कळपाचा स्वभाव बदलतो. नवा सदस्य घेतला की पुन्हा बदलतो. त्यामुळे जुना मित्र तोच राहिलाय का, हा प्रश्न तिथे रोजच्या व्यवहाराचा आहे. आणि क्रूर राजा असेल तर तो माणसं नुसती छळत नाही. ती सुटी करतो आणि हवी तशी पुन्हा जोडतो. जेफ्रीला सोबती मिळतो तो आठ पिल्लांचा कळप, अम्दी. गणितात विलक्षण हुशार आणि अगदी लहान मूल. या दोघांची मैत्री पुस्तकातला सर्वांत गोड भाग आहे. ती पोरं ज्याच्यावर विश्वास ठेवून आहेत तो कोण आहे हे आपल्याला ठाऊक असतं, त्यांना नसतं. जेफ्री जहाजावरच्या यंत्रावरून दूरच्या बचाव पथकाशी लिहून बोलतो. त्याची एकेक निरागस ओळ वाचताना जीव कासावीस होतो.

अर्धं पुस्तक त्या बचाव पथकाचं आहे, ग्रंथपाल राव्हना, फाम न्यूवेन नावाचा कोड्यात टाकणारा माणूस आणि चाकांच्या गाड्यांवर फिरणारे दोन वनस्पतीसारखे व्यापारी. हा भाग कधी कधी पसरतो. आकाशगंगाभर चालणाऱ्या संदेशजाळ्यावरचे निरोप मध्येमध्ये येतात, त्यांतली अफवा कोणती आणि खरं काय हे ओळखत बसावं लागतं. १९९२ मधलं लिखाण असूनही आजचा वाचक ते लगेच ओळखेल. अडचण एकच, सुरुवातीची पन्नासेक पानं. विंज काहीही समजावत नाहीत. सुरुवातीलाच कळपाच्या नजरेतून लढाई दिसते आणि ‘तो’ म्हणजे किती जण हे कळेपर्यंत डोकं गरगरतं. तिथे पुस्तक मिटू नका, थोड्याच वेळात सगळं जागेवर बसतं.

‘डीपनेस’ याच विश्वातली, पण हजारो वर्षं आधीची आणि संथ पट्ट्यातली. इथे प्रकाशाहून वेगाने कुणालाच जाता येत नाही. एक विचित्र तारा आहे, २५० वर्षांच्या चक्रात ३५ वर्षं पेटतो आणि २१५ वर्षं विझलेला असतो. विझला की ग्रहाची हवासुद्धा गोठून बर्फ होऊन पडते. तिथल्या कोळ्यांसारख्या जीवांनी जमिनीखाली खोल जाऊन तो काळ झोपून काढायचा, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. त्यांच्यापर्यंत माणसांचे दोन ताफे एकाच वेळी पोचतात. एक चेंग हो या व्यापारी लोकांचा, दुसरा एमर्जंट नावाच्या हुकूमशाहीचा. दगा होतो, दोन्ही ताफे मोडतात, हुकूमशहा जिंकतात. पण परत जाण्याइतकं सामर्थ्य कोणाकडेच उरत नाही. खालच्या कोळ्यांचं विज्ञान वाढेल, कारखाने उभे राहतील आणि मग त्यांच्या साधनांनी जहाजं दुरुस्त होतील, एवढाच मार्ग. तोवर वर लपून वाट पाहायची.

त्या वाट पाहण्यातच पुस्तकाचा प्राण आहे. माणसं पाळीपाळीने शीतनिद्रेत जातात, म्हणून कोणी झरझर म्हातारं होतं, कोणी तरुणच राहतं. सुरुवातीला लहान असलेली चीवी डोळ्यांदेखत बाई होते, आणि आश्रयासाठी गोळा केलेल्या हिऱ्या-बर्फाच्या ढिगाऱ्याला जागेवर ठेवण्याचं न संपणारं काम तिच्या अंगावर पडतं. बेनी नावाचा माणूस चोरून एक गुत्ता चालवतो. व्यापारीच ते, गुलामीतही देवाणघेवाण सुटत नाही. हुकूमशहा टोमास नाउ हे चालू देतो, कारण अशा फटींमधून माणसं निमूट राहतात हे त्याला कळतं. जुलमी राजवट नुसत्या मारझोडीवर चालत नाही हे इतक्या बारकाईने दाखवणारी विज्ञान कादंबरी मी दुसरी वाचलेली नाही.

आणि ‘फोकस’. एमर्जंटांकडे एक रोग आहे, तो काबूत ठेवून ते माणसाचं सगळं मन एकाच कामाला जुंपतात. भाषातज्ज्ञ ट्रिक्सियाला कोळ्यांची भाषा उकलायला बसवतात. ती ते काम अद्भुत करते, पण प्रियकर समोर आला तरी तिला तो अडथळाच वाटतो. कोळ्यांची प्रकरणं आपण वाचतो ती मोटारी, रेडिओ, विद्यापीठ, लहान मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम अशी ओळखीची आणि उबदार असतात. शेर्कानर अंडरहिल हा कल्पनांनी भरलेला कोळी तर जिवाभावाचा वाटू लागतो. ते सगळं इतकं ओळखीचं का वाटतं, याचं उत्तर ट्रिक्सियाच्या खोलीत आहे. जास्त सांगत नाही, ते कळतं तेव्हाचा धक्का तुमचा तुम्हीच घ्यायला हवा.

एक बारकावा मात्र सांगतेच. चेंग हो लोक दिवस-महिने मोजत नाहीत, सेकंद मोजतात. हजार सेकंद म्हणजे साधारण सतरा मिनिटं, दहा लाख म्हणजे साडेअकरा दिवस. त्यांची समजूत अशी की ही मोजणी माणूस चंद्रावर उतरला तेव्हापासूनची. जुन्या प्रोग्रामांचे थर उकरणाऱ्याला कळतं की ती त्यानंतर सुमारे दीड कोटी सेकंदांनी सुरू होते. संगणकाशी काम करणाऱ्यांना १ जानेवारी १९७० ही तारीख लगेच आठवेल, अनेक संगणक आपली वेळ तिथूनच सेकंदांत मोजतात.

मग कोणी काय घ्यावं? जहाजावरचे लोक, त्यांची एकमेकांना सांभाळण्याची धडपड, यासाठी वाचत असाल तर ‘स्टारटाइड’. नारळीकर आणि बाळ फोंडके यांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या आणि आता मोठ्या पटावरचं काही हवं असलेल्या वाचकालाही मी हीच आधी देईन. परग्रही जीव कसा विचार करत असेल याचं कुतूहल असेल, तर ‘फायर’ला पर्याय नाही. आणि हळूहळू चढत जाणारी, मनात ठाण मांडणारी कादंबरी चालत असेल, तर ‘डीपनेस’. तिचा पहिला तृतीयांश संथ आहे, आणि त्यात छळ, लैंगिक अत्याचार आणि स्मृती पुसण्याचे प्रसंग आहेत. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती देऊ नका. त्या वयाला ‘स्टारटाइड’ ठीक.

विंजच्या दोन्ही वाचायच्या ठरवल्या, तर क्रम लिहिण्याचाच ठेवा, आधी ‘फायर’. फाम न्यूवेन दोन्हींत आहे, आणि ‘फायर’ वाचलेल्या वाचकाला ‘डीपनेस’मध्ये आकाशगंगेचं असं काही ठाऊक असतं, जे त्यातल्या एकाही पात्राला ठाऊक नाही. त्या विझणाऱ्या ताऱ्याभोवतीच्या चमत्कारिक गोष्टी त्यामुळे वेगळ्याच दिसतात. उलट क्रमानेही चालतं, पण ही मजा जाते. ‘फायर’ची पुढची कडी ‘द चिल्ड्रन ऑफ द स्काय’ २०११ मध्ये आली. ती कळपांच्या ग्रहावरच थांबते आणि मोठे प्रश्न तसेच ठेवते. अम्दी आणि जेफ्रीसाठी जीव तुटत असेल तरच तिच्याकडे जा.