मेनोरेहच्या डोंगरात सासर : एक पावसाळा, एक कोरडा हंगाम आणि थोड्या शेळ्यांनंतर

आधी निकाल सांगून टाकते. राहायला जागा उत्तम, फक्त एकांताची हौस असलेल्याने येऊ नये. जमिनीत पैसे घालायला परदेशी माणसाने येऊच नये. शेळ्यांत घालायला हरकत नाही, पण अर्धा वाटा दुसऱ्याचा आहे हे मनापासून पटत असेल तरच.

माझं सासर इंडोनेशियात, मध्य जावातल्या पुर्वोरेजो जिल्ह्यातल्या कालिगेसिंग तालुक्यात. मेनोरेह डोंगररांगेतली ही गावं. पलीकडे उतरलं की योग्यकर्ताचा कुलोन प्रोगो जिल्हा, आणि तिथेच किनाऱ्यालगत २०१९ साली सुरू झालेला नवा विमानतळ. पुण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही इथे आलो तेव्हा मला मराठीत वाचायला मिळालं ते सगळं बालीचं होतं, आणि त्यातलं निम्मं व्हिला विकणाऱ्यांनी लिहिलेलं. म्हणून हे लिहिते आहे.

गावात पोचल्यावर चोवीस तासांच्या आत पाक एर्तेंकडे हजेरी लावायची. एर्ते म्हणजे काही डझन घरांचा गट आणि पाक एर्ते त्याचे प्रमुख. तशी पाटीच गावाच्या तोंडाशी असते. कागद दाखवायचे, गोड चहा प्यायचा, आणि मग आपण कोण, नवऱ्याला पगार किती, मूल कधी, ही माहिती सगळ्या एर्तेला एकदम मिळते. रात्री गस्त असते, घरटी एक पुरुष, वार ठरलेले. गस्तवाले प्रत्येक घराबाहेर टांगलेल्या डबीतून चिमूटभर तांदूळ किंवा पाचशे रुपियांचं नाणं गोळा करतात. याला जिम्पितान म्हणतात. (आपल्या एका रुपयाचे साधारण १८०-१९० रुपिया होतात, तेव्हा पाचशे ऐकून दचकू नका.) डबी रिकामी राहिली तर गस्तवाले काही बोलत नाहीत. सासूबाई सकाळी बोलतात.

महिन्याची भिशी आहे, तिला आरिसान म्हणतात. ती चुकवली तर पैसे पाठवून भागत नाही, जाऊन बसावं लागतं. खरा खर्च मात्र लग्नांचा. सुरो महिन्यात जावानीज माणूस लग्न करत नाही, त्यामुळे त्याच्या आधीच्या बेसार महिन्यात रांग लागते. नातं बघून पाकिटात पन्नास हजार ते एक लाख रुपिया, आणि कोणी किती दिले त्याची वहीत नोंद. आदल्या दिवसापासून बायकांनी त्या घरी स्वयंपाकाला जायचं, आणि तेव्हापासूनच मांडवातले कर्णे डोंगरभर गाणी वाजवतात. घरखर्चाचा अंदाज मांडताना भाडं, वीज, गॅस सगळे धरतात, ही पाकिटं कोणी धरत नाही.

शाकाहारी लोकांसाठी : तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू रोज ताजे मिळतात, केळीच्या पानात बांधलेलं तेंपे तर दुकानातल्या प्लास्टिकमधल्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण सांबाल या मिरचीच्या ठेच्यात तेरासी असते, म्हणजे जवळा आंबवून केलेला गोळा. विचारलं तर 'यात मासा नाही' असंच उत्तर येतं, कारण त्यांच्या हिशोबी तो मासा नाहीच. मी विचारणं सोडलं आणि घरी वेगळा खलबत्ता ठेवला.

बाकी सोयी चटकन : वीज प्रीपेड, वीस आकडी टोकन मीटरवर दाबायचं. टपरीवरसुद्धा क्यूआर कोड आहे, रेंज असेल तर चालतो. सरकारी दवाखाना, पुस्केस्मास, तापाबिपाला ठीक. त्यापुढचं काही असलं तर पुर्वोरेजो किंवा थेट योग्यकर्ता.

आता जमीन. लवंगा, दुरियान, खाली उतरणारं धुकं हे बघून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक तुकडा घ्यावासा वाटतो. १९६० च्या भूमी कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, इंडोनेशियन नागरिकालाच मिळते. परदेशी माणसाला भाडेपट्टा किंवा ठरावीक मुदतीचा वापरहक्क. परदेशी भांडवलाची कंपनी काढायची तर गुंतवणुकीचा आराखडा १० अब्ज रुपियांच्या वरचा लागतो, आपले पाच कोटींहून जास्त. डोंगरातल्या दोन खोल्यांच्या होमस्टेसाठी कोण एवढं करणार? मग मकेलार, म्हणजे दलाल, तिसरा रस्ता सुचवतो : इथल्या कुणाच्या तरी नावावर घ्या, आपण बाजूला एक करार करून ठेवू. त्याच कायद्याचं २६ वं कलम म्हणतं की असा व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आमच्याकडे आलेल्या दलालाला नवऱ्याने हे कलम मोबाइलवर दाखवलं, तर तो म्हणाला, "बालीत सगळे असंच करतात." करत असतील.

इथल्या माणसाशी लग्न केलं म्हणून सुटका होते असंही नाही. लग्नानंतरची मिळकत दोघांची सामाईक धरतात. त्यातला एक परदेशी निघाला की मालकी हक्काच्या जमिनीवर गंडांतर, वर्षाच्या आत हक्क सोडावा लागतो. मिळकत वेगळी ठेवायचा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. तो लग्नानंतरही करता येईल, असा निकाल घटना न्यायालयाने २०१६ साली दिला आणि आमच्यासारख्यांची सोय झाली. आम्ही तो नोटारिसकडे केला. इथला नोटारिस म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा नव्हे. दस्त तोच लिहितो, शब्दन् शब्द वाचून दाखवतो आणि फीही त्या मानानेच घेतो. या करारामुळे उद्या नवऱ्याने जमीन घेतली तर ती त्याची, माझी नाही. माझ्या आईला हे अजून पचलेलं नाही.

शिवाय कागद. बऱ्याच जमिनींना अजून सर्टिफिकेटच नाही, ग्रामकार्यालयात 'लेटर से' नावाचं जुनं रजिस्टर आहे तेवढंच. ती कराची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. सातबाऱ्याच्या वादात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. नोंद आजोबांच्या नावाची, वारस सात, दोघे जकार्तात, एक सुमात्रात, आणि सही सगळ्यांची हवी. २०१७ पासून सरकार गावंच्या गावं मोजून सर्टिफिकेटं देत आहे. ती मोजणी झालेल्या गावात निदान कागद धड असतात. आणि उतार बघा. २०१६ च्या जूनमध्ये याच जिल्ह्यात दरडींखाली कितीतरी माणसं गेली. ज्या जागेवरून देखावा चांगला दिसतो तीच जागा बहुधा घसरते.

लागवडीचं म्हणाल तर पोरांगचं काय झालं ते ऐका. पोरांग हा सुरणाच्याच कुळातला कंद, हाताला खाजही तीच. याच्या पिठापासून जपानी शिराताकी नूडल्स होतात. २०१९-२० मध्ये भाव असा चढला की जावाभर सागाखाली, परसात, जिथे माती दिसेल तिथे लोकांनी तो लावला. मग चीनने वाळवलेल्या चकत्यांची आयात थांबवली आणि भाव कोसळला. दिरांनी काढायची मजुरी निघेना म्हणून कंद जमिनीतच ठेवले. दर पावसाळ्यात ते आपले उगवतात. आता भाव सुधारतोय म्हणे. दीर 'बघू' म्हणतात, आणि ते असं म्हणाले की मी विषय बदलते.

शेळ्यांचं मात्र मनापासून सांगते. कालिगेसिंगचं नाव जावाभर आहे ते पेराणाकान एतावा या जातीमुळे. हे एतावा म्हणजे आपल्या उत्तर प्रदेशातलं इटावा. डचांच्या काळात तिकडून जमनापारी शेळ्या आल्या, इथल्या बुटक्या काचांग शेळीशी संकर झाला आणि ही जात तयार झाली. काळं डोकं, पांढरं अंग, लोंबते कान, पोपटनाक. प्रदर्शनातल्या बोकडांचे भाव ऐकले तर डोळे फिरतात, पण तो श्रीमंतांचा शौक. मी साध्या गाभण शेळ्या घेतल्या, एकीला अडीच जुता, म्हणजे पंचवीस लाख रुपिया, आपले साडेतेरा हजारांच्या आसपास.

पद्धत गादुहान, आपल्याकडे अर्धलीने देतात तशीच. जनावर माझं, गोठा, चारा आणि राबणं शेजाऱ्याचं. करडं निम्मी-निम्मी, विषम झाली तर पुढच्या वेताला फेड. लेंडीखत त्याचं. सगळं तोंडी, सासरे आणि पाक एर्ते यांच्यासमोर. कागद करूया का, असं मी विचारलं तेव्हा सगळे हसले नाहीत, गप्प झाले. तेव्हाच विषय सोडला.

शेजारी दव वाळल्यावर विळा घेऊन उतारावर जातो, कारण ओल्या पाल्याने शेळीचं पोट फुगतं. कालियांद्रा, गिरीपुष्प, फणसाचा पाला. गोठा बांबूच्या माचाणावर असतो, लेंड्या फटींतून खाली पडतात. कोरड्या हंगामात त्याला पाल्यासाठी दोन ओढे ओलांडून जावं लागलं. माझा पैसा एकदाच गेला, त्याचे पाय रोज जातात. त्यामुळे 'गुंतवणूकदार' हा शब्द वापरायला इथे लाज वाटते.

पहिल्या वेतात एकीला जुळं, दुसरीला एक. ते एकटं हगवणीने गेलं. शेजारी घरी आला आणि माझी माफी मागून गेला, मेहनत त्याचीच वाया गेलेली असताना. मला काय बोलावं सुचेना. सासूबाईंनी त्याला जेवून जा म्हटलं, तेच बरोबर होतं.

जुळ्यांतली पाट ठेवायची ठरली आहे. बोकड माझ्या वाट्याचा, तो ईदला जाईल. कुर्बानीच्या बोकडाचे दुधाचे दात पडलेले असावे लागतात, म्हणून या ईदला की पुढच्या, हे त्याचं तोंड उघडून बघितल्यावर ठरेल. बँकेतल्या ठेवीपेक्षा बरं पडलं की नाही तेही तेव्हाच कळेल. भाव मिळाला की भर घालते.