नागिणीच्या गोळ्या: घ्यायची कोणती, कशी, आणि प्रोटीज इनहिबिटर कुठं अडलंय

कोल्हापुरात नागीण उठली की आधी गेरूचा लेप लागतो. मग कुणीतरी मंत्र घालणाऱ्याचं नाव सुचवतं, आणि तोंड-शेपूट जुळतंय का याकडं घरादाराचं लक्ष लागून राहतं. तोंड-शेपूट जुळत नसतं. जुन्या कांजिण्यांचा विषाणू मणक्याजवळच्या नसेच्या गाठीत वर्षानुवर्षं दबून बसलेला असतो. तो ज्या नसेतून बाहेर पडतो तिच्याच पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला फोड उठतात आणि मध्यरेषेशी येऊन थांबतात. लेपात मात्र दोन-तीन दिवस जातात, आणि गोळीचे दिवस नेमके तेच असतात. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर त्याचा पुरता उपयोग होतो. शिवाय गेरूखाली फोड झाकले जातात, त्यामुळं डॉक्टरांना ते नीट वाचता येत नाहीत.

मेडिकलमध्ये चिठ्ठीवर मिळणाऱ्या दोन गोळ्यांची तुलना करायची तर आमची पसंती व्हॅलासायक्लोव्हिरला. असायक्लोव्हिर वाईट आहे असं अजिबात नाही. नागीण असो की ओठावर फुटणारा ताप, हर्पीसच्या कुळातल्या या विषाणूंवर खऱ्या अर्थानं चाललेलं पहिलं औषध तेच. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणूचं स्वतःचं एन्झाइमच ही गोळी चालू करतं, म्हणून निरोगी पेशींना तिचा फारसा त्रास होत नाही. अडचण एकच: पोटातून रक्तात ती जेमतेम १५ ते २० टक्के उतरते. त्यामुळं मोठ्या माणसाला नागिणीसाठी ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस, म्हणजे ३५ गोळ्या. वेळा सकाळी ६ आणि १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. ऊसतोडीला किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत शिफ्टला गेलेल्या माणसाच्या मधल्या दोन गोळ्या हमखास चुकतात आणि रक्तातलं औषध भर दुपारी खाली येतं.

व्हॅलासायक्लोव्हिर हे तेच औषध, फक्त व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल जोडलेलं. शरीरात गेल्यावर त्याचं असायक्लोव्हिरच होतं, पण रक्तात पोचतं ५४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून १ ग्रॅम, दर आठ तासांनी, सात दिवस: सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. एकूण २१ गोळ्या. इथं एक चूक फार होते. चिठ्ठीवर १ ग्रॅम असतं, हातात पडते ५०० मिलिग्रॅमची स्ट्रिप, आणि माणूस एकेक गोळी घेत राहतो. अख्खा कोर्स निम्म्या डोसात संपतो. ५०० ची मिळाली तर एका वेळी दोन, एकूण ४२, आणि तेवढ्या मोजूनच घ्या. दुसरी चूक म्हणजे चौथ्या दिवशी फोडांवर खपली धरली की गोळ्या बंद करणं. सात दिवस पुरे करायचेच.

पाण्याकडं दुर्लक्ष नको. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, आणि अंगात पाणी कमी असलं तर त्याचे खडे किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतात. साठीच्या पुढं, मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी क्रिएटिनीन (किडनी किती काम करते ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डोस ठरवून घ्यावा. किडनी मंद असेल तर १ ग्रॅम दिवसातून दोनदा, कधी एकदाच पुरतो. डोस तसाच ठेवला तर म्हातारं माणूस दोन-तीन दिवसांत असंबद्ध बोलायला लागतं, नसलेली माणसं दिसतात. घरच्यांना वाटतं नागीण डोक्यात चढली. तो औषध साठल्याचा परिणाम असतो. लगेच डॉक्टरांना कळवायचं. दुखतंय म्हणून सोबत आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनानं घेणं किडनीला आणखी जड जातं.

पाच टक्क्यांचं असायक्लोव्हिर मलम नागिणीसाठी विकत घेऊ नका. ओठावर ताप फुटताना, नुसती चुणचुण असतानाच, दिवसातून पाच वेळा लावलं तर थोडंफार काम करतं, एवढंच. खाजेसाठी घरात पडलेलं स्टिरॉइडचं मलम फोडांवर अजिबात लावायचं नाही.

आता प्रोटीज इनहिबिटर. प्रोटीज म्हणजे प्रथिनं कापणारं विषाणूचं एन्झाइम, आणि ते अडवणारं औषध म्हणजे प्रोटीज इनहिबिटर. एचआयव्ही आणि कोविडच्या गोळ्यांमुळं हा शब्द घराघरात पोचला, आणि तशी गोळी नागिणीवर का नाही, हा रास्त प्रश्न आहे. स्लॅबला जसं सेंटरिंग लागतं, तसं हर्पीसचा विषाणू आपलं कवच आतल्या प्रथिनांच्या आधारावर उभारतो. त्याचं प्रोटीज ते सेंटरिंग कापून मोकळं करतं, मग कवचात डीएनए भरला जातो. प्रोटीज अडवलं तर कवचं रिकामीच राहतात. कल्पना फार चांगली आहे, आणि असायक्लोव्हिरला दाद न देणाऱ्या विषाणूंसाठी अशा औषधाची गरजही आहे. पण या प्रोटीजची खाच उथळ आहे, औषधाला घट्ट बसायला जागाच मिळत नाही. त्यात त्याचे दोन रेणू जोडीनं आले तरच ते काम करतं. म्हणून त्यावर नेम धरून बनवलेलं एकही औषध अजून रुग्णांसाठी मंजूर झालेलं नाही. जपाननं २०१७ मध्ये नागिणीसाठी मंजूर केलेलं अमेनामेव्हिर नवं आहे, दिवसातून एकदाच घ्यायचं आहे, पण तेही प्रोटीजवर काम करत नाही. डीएनएची वीण उसवणारं विषाणूचं यंत्र ते थांबवतं.

कोविडच्या वेळची उरलेली निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिरची स्ट्रिप नागिणीसाठी काढू नका. कोविडच्या विषाणूचं प्रोटीज वेगळ्या जातीचं, इथं त्या गोळ्या उपयोगाच्या नाहीत. उलट रिटोनाव्हिर यकृताचं औषधं मोडायचं काम मंदावतं आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या रक्तात धोक्याच्या पातळीपर्यंत साठतात.

कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर गोळी सुरू करून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, सीपीआर या सरकारी रुग्णालयात असो की खासगीत. नाकाच्या शेंड्याची आणि डोळ्याची नस एकच आहे.