फ्युरो की रीड द डॉक्स थीम: पानापानात अख्खं झाड हवंय का?

स्फिंक्सवर, म्हणजे साध्या मजकुरातून वेबपानं बनवणाऱ्या साधनावर, मॅन्युअल उभं करताना थीम (पानांचं तयार रूप) कुठली घ्यावी, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, पानं किती आहेत? शे-दीडशे असतील तर पुढे वाचायचीही गरज नाही, फ्युरो घ्या. अक्षरं मोकळी, डार्क मोड तयार, उजवीकडे त्या पानापुरती अनुक्रमणिका. पिप आणि ब्लॅक या पायथनच्या साधनांची डॉक्युमेंटेशन फ्युरोतच आहेत, एकदा उघडून बघा, मोह होतोच. तिच्यापुढे रीड द डॉक्स थीम जरा जुन्या वळणाची वाटते. स्फिंक्सने ६ व्या आवृत्तीत जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी काढून टाकली, तरी हिला ती वेगळ्या पॅकेजमधून लागतेच.

पण पानं हजाराच्या घरात गेली की प्रश्न दिसण्याचा राहत नाही. वाचणाऱ्याला ‘मी कुठे आहे’ हे दोन्ही थीम सांगतात, फक्त सांगायची तऱ्हा वेगळी. रीड द डॉक्स थीम पानाच्या डोक्यावर ब्रेडक्रंब, म्हणजे तिथवरच्या वाटेची ओळ, देते: घराचं चिन्ह, मग विभाग, मग प्रकरण, मग पान. फ्युरोत ब्रेडक्रंब नाही. ती डाव्या पट्टीत संपूर्ण मॅन्युअलचं झाड, म्हणजे सगळ्या पानांची फांद्याफांद्यांची यादी, देते आणि तुम्ही आहात ती फांदी उघडी ठेवते. बाकीच्या फांद्या मिटलेल्या दिसतात, पण एचटीएमएलमध्ये त्या सगळ्या असतात. उघडझाप चेकबॉक्स आणि सीएसएसवर चालते, जावास्क्रिप्ट लागत नाही. कल्पना सुरेखच आहे. फक्त त्यासाठी झाड पूर्णच्या पूर्ण प्रत्येक फाइलमध्ये असावं लागतं.

हिशेब साधा आहे. हजार पानांच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानात हजार दुवे, म्हणजे एकूण दहा लाख. एका दुव्याच्या ओळीला शंभरेक बाइट धरले तर मजकूर सुरू होण्याआधीच प्रत्येक फाइल शंभर केबीची. ब्रेडक्रंबला पानामागे चार-पाच दुवे पुरतात आणि पानं दुप्पट झाली तरी ते चार-पाचच राहतात. सर्व्हरवरून जीझिप करून (दाबून लहान करून) पाठवलं तर वाटेतलं वजन खूप उतरतं, हे मान्य. पण ब्राउझरला पोचल्यावर ते झाड उभं करावंच लागतं. माझ्या लॅपटॉपवर मला फरक जाणवला नाही. ग्राहकाच्या कारखान्यातल्या जुन्या पीसीवर मात्र फ्युरोचं प्रत्येक पान आधी क्षणभर कोरं दिसायचं आणि मग मजकूर यायचा. घड्याळ लावून मोजलेलं नाही, पण तिथला ऑपरेटर दोनदा क्लिक करायला लागला होता, यावरून काय ते समजा.

तरी माझा निर्णय यामुळे झाला नाही. झाला तो पॅचमुळे, म्हणजे मधल्या छोट्या दुरुस्त्यांमुळे.

आमचं मॅन्युअल बंद नेटवर्कमध्ये जातं. तिथे इंटरनेट नाही, सर्व्हर नाही. झिप उलगडायची आणि इंडेक्सवर क्लिक करायचं. मधल्या दुरुस्त्यांना आम्ही फक्त बदललेल्या फाइल पाठवतो, कारण तिकडे प्रत्येक फाइल तपासूनच आत घेतात. फ्युरोत एक नवं पान घातलं आणि डिफ लावला, म्हणजे जुन्या-नव्या फाइलींतला फरक काढला, तर एकूण एक फाइल बदललेली! आणि बदल काय, तर प्रत्येकीत तोच एक दुवा वाढलेला. एखाद्या पानाचं शीर्षक सुधारलं तरी तीच गत. बरं, स्फिंक्स नुसत्या बदललेल्या पानांचा बिल्ड करतं, म्हणजे तेवढीच पानं नव्याने बनवतं, तेव्हा बाकीच्या पानांत जुनंच झाड राहतं. म्हणून दर वेळी सगळं पुसून पहिल्यापासून बिल्ड. तो लावला की मी सकाळची मेलं उरकून घ्यायचो.

रीड द डॉक्स थीमवर हाच बदल केला की ते पान, त्या प्रकरणातली शेजारची पानं, शोधसूची आणि अशाच दोन-चार फाइल बदलतात. अगदी वरच्या पातळीवर नवं प्रकरण घातलं तर हिचीही सगळी पानं बदलतात, कारण डावी पट्टी हिलाही आहे. पण तसा प्रसंग आमच्याकडे क्वचित येतो.

ब्रेडक्रंबचा एक फायदा मला नंतर कळला. सपोर्टच्या फोनवर ‘साहेब, पानाची सगळ्यात वरची ओळ वाचून दाखवा’ म्हटलं की समोरचा कुठे आहे ते लगेच समजतं. मिटलेल्या-उघडलेल्या फांद्या फोनवर कोण कशा सांगणार?

अर्थात ब्रेडक्रंब आंधळेपणाने घेऊ नका. तो टॉकट्रीवरून (कुठल्या पानाखाली कुठली पानं, हे स्फिंक्सला सांगणारी यादी) बनतो, फोल्डरवरून नाही. टॉकट्रीला दिलेला कॅप्शन, म्हणजे त्या यादीचा मथळा, हे काही पान नव्हे, त्यामुळे तो त्या ओळीत येत नाही. विभागाचं नाव ओळीत दिसायला हवं असेल तर त्या विभागाचं छोटंसं का होईना, पान करा. एकच पान दोन टॉकट्रींत असेल तर स्फिंक्स त्यातला एकच मार्ग धरतं, वाचणारा दुसऱ्याने आलेला असला तरी. आणि ज्याला मॅन्युअल चाळायचंच आहे, एका फांदीवरून दुसरीवर उड्या मारायच्या आहेत, त्याला फ्युरोचं झाड नक्कीच जास्त आवडेल. लायब्ररीची डॉक्युमेंटेशन वाचणारे बरेचसे असेच असतात. आमचे वाचक शोधातून थेट एका पानावर उतरतात.

रीड द डॉक्स थीम घेतलीत तर कोलॅप्स नॅव्हिगेशन या सेटिंगला हात लावू नका. ते मुळात चालू असतं. ‘डावीकडे सगळं दिसू दे’ म्हणून कुणीतरी ते बंद करतं, वर नॅव्हिगेशन डेप्थ (पट्टीत किती पातळ्या दाखवायच्या ते) वाढवतं, आणि पुन्हा पानापानात झाड येतं. बिल्ड लांबेल, फाइल फुगतील, असा इशारा थीमच्या स्वतःच्या माहितीतही दिलेला आहे. तेच करायचं असेल तर मग फ्युरोच घ्या, निदान दिसायला तरी देखणी आहे.