४८ लेखांपेक्षा ९ पानं बरी

देवगड तालुक्यात आमची हापूसची तीनशेच्या आसपास कलमं आहेत. सासऱ्यांनी वाशीला पेट्या पाठवणं कमी करत आणलं, आणि थेट गिऱ्हाइकाला आंबा पोचवायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी वेबसाइट हवी आणि वेबसाइटवर मजकूर हवा. तो मजकूर मी दोघांकडून लिहून घेतला, दोन्हीकडे पैसे मोजले. पहिल्यांचं नाव देऊन भांडण वाढवायचं नाही. दुसरीचं आनंदाने दिलं असतं, पण हातात आहे तेच काम उरकत नाही म्हणून तीच नको म्हणाली.

आधी आमच्याकडे गूगलच्या बिझनेस प्रोफाइलबरोबर मिळणारी फुकट एकपानी साइट होती. मार्च २०२४ मध्ये ती सोय बंद झाली. सूचनेचा मेल आला होता, पण मी तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या हिशेबात होते, वाचलाच नाही. "वहिनी, तुमची साइट कुठे गेली?" असं ठाण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा कळलं. ऐन सीझन तोंडावर. घाईघाईत एका मोठ्या शहरातल्या एजन्सीला काम दिलं: वर्षाला ४५,००० रुपये, साइट आणि महिन्याला ४ लेख. "मजकूर सतत पडत राहिला पाहिजे, मॅडम, गूगलला ते आवडतं." मला ते पटलं. ज्या मार्चमध्ये माझी साइट गेली, त्याच मार्चमध्ये गूगलने ढिगाने पाडलेल्या मजकुराविरुद्ध नियम आणले होते, हे मला वर्षभराने समजलं.

साइट आठवड्यात उभी राहिली, दिसायला झकास होती. तेवढं श्रेय त्यांचं. लेख मात्र असे की कुठल्याही आंबेवाल्याच्या साइटवर चिकटवले तरी चालले असते. आंब्याचे आरोग्यदायी फायदे, उन्हाळ्यातली सरबतं, आणि "आमच्या आंब्यांचा गोडवा तुमच्या आयुष्यात आनंद फुलवेल". फोटोतला आंबा गालावर लालभडक, म्हणजे हापूस नव्हेच. मी मोठ्याने वाचून दाखवत होते, तर सासरे पडवीतून म्हणाले, "ह्या लिवणाऱ्यान कधी कलम बघल्यान काय गो?"

हसून सोडून दिलं असतं. पण एका लेखात लिहिलं होतं, आंबे घरी आले की ताजे राहण्यासाठी लगेच फ्रिजमध्ये ठेवा. आम्ही आंबा चौदा आणे, म्हणजे जवळपास पूर्ण तयार झाला की काढतो, पेटीतून तो हिरवाच जातो आणि घरी पेंढ्यात पिकतो. कच्चा आंबा फ्रिजमध्ये घातला की पिकतच नाही, साल काळपट पडते. मे महिन्यात पुण्याच्या एका बाईंनी दोन डझन आंबे तसेच घातले आणि वर मलाच आमच्या साइटवरचा तो परिच्छेद पाठवला. काय बोलणार? दुसरे दोन डझन पाठवले, भाडं माझं. त्याच साइटवर जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं चिन्हही झळकत होतं. हापूसला मानांकन २०१८ मध्ये मिळालं हे खरं, पण ते वापरायला बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते आणि आमची तेव्हा झालेली नव्हती. ते चिन्ह काढा म्हणून मी चार वेळा फोन केला.

वर्ष संपल्यावर कळलं की डोमेनही, म्हणजे साइटचा पत्ताही, एजन्सीच्याच नावावर आहे. ते दुसरीकडे हलवायला लागणारा ऑथ कोड मिळवून ते माझ्या नावावर यायला तीन महिने गेले. बाकी काही विसरलात तरी चालेल, डोमेन स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या कार्डाने घ्या.

दुसरी कणकवलीची एक मुलगी, एकटीच काम करते. लिहिण्याआधी ती ऐन एप्रिलात दोन दिवस आमच्या पॅकिंगच्या शेडमध्ये येऊन बसली. काही बोलली नाही, मी घेतलेल्या फोनवरचे प्रश्न वहीत उतरवत राहिली. पेटी किती डझनाची? कधी खायचा? आतून पांढरा का निघाला? कार्बाइड घालता का? दोन दिवसांत सत्तेचाळीस प्रश्न, त्यातले बरेचसे तेच ते. त्यांची तिने ९ पानं केली. बस.

साक्याचं, म्हणजे आंबा आतून पांढरट-स्पंजासारखा निघतो त्या दोषाचं पान सगळ्यात जास्त वाचलं जातं. साका धरलेला आंबा बाहेरून ओळखता येत नाही, हे आम्ही तिथे सरळ लिहिलंय आणि बदली देण्याची पद्धतही दिलीय. "असं लिहिलं तर कोण घेईल?" म्हणून मी घाबरले होते. उलट गेल्या सीझनला तक्रारीचे फोन आले ते फोटोसकट, शांतपणे. दुसरं पान पेटी घरी आल्यावर काय करायचं त्याचं: खोकं उघडा, पेंढा काढू नका, देठाजवळ वास सुटला आणि साल जराशी सुरकुतली की कापा. फोटो सगळे आमच्याच शेडमधले, एकात माझी चप्पलही आलीय. माझ्या मोबाइलमधले ५ एमबीचे फोटो तिने २०० केबीच्या आत आणले, त्यामुळे आमच्या वाडीतल्या रडक्या नेटवर्कलाही पान उघडतं.

देखभालीचे ती महिन्याला १,००० घेते. पानाचे २,५०० वेगळे. पहिल्यांदा मला ते महाग वाटलं: काही नवीन लिहीत नाही तर पैसे कसले? मग एकाने साइटवरचा मागच्या वर्षीचा दर दाखवून माझ्याशी अर्धा तास हुज्जत घातली. आता दरांचं पान एकच, पत्ता तोच, फक्त आकडे आणि वर तारीख बदलते. दर महिन्याला ती गूगलचं सर्च कन्सोल उघडते आणि लोक काय टाइप करून आले ते मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. निम्मे जण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. "आंबा आतून काळा" असं शोधत बरेच जण आले, तेव्हा दहावं पान ठरलं.

आता खोड्या. फोन उचलत नाही. रील करत नाही. सासऱ्यांच्या तोंडचे मालवणी शब्द तिने "मुंबईच्या वाचकाला कळणार नाहीत" म्हणून गाळले, त्यावरून आमचं वाजलं; शेवटी "आढी" (आंबे पिकत घालायची पेंढ्याची रास) राहिली, बाकी गेले. आणि काम सावकाश. पाचपैकी चार तारे देते, एक कापला तो याच सावकाशीचा. यंदाच्या मोहोराचे फोटो पाठवून आठ दिवस झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्यात, पानावर अजून गेल्या वर्षीचाच मोहोर आहे.