ऑटोडॉक व्हिना: फुकट आणि वेगवान, पण स्कोअरवर प्रबंध उभा करू नका

औषधशास्त्रात एम.फार्म. करताना डॉकिंग (औषधाचा रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज) शिकायचे असेल तर सुरुवात व्हिनानेच करावी. स्क्रिप्स रिसर्चमध्ये तयार झालेला हा प्रोग्रॅम २०१० पासून सर्रास वापरात आहे, २०२१ मध्ये त्याची १.२ आवृत्ती आली. लायसन्सला पैसे लागत नाहीत आणि साध्या लॅपटॉपवरही एक लिगंड (प्रोटीनला बांधला जाणारा छोटा रेणू) सहसा काही मिनिटांत आटोपतो. सगळे काम कमांड टाइप करून चालते, त्यामुळे माउसची सवय असलेल्यांना सुरुवातीला जड जाते.

खरी डोकेदुखी तयारीची. सरावाला प्रोटीन डेटा बँकेतली १एचएसजी ही रचना घ्या: एचआयव्ही प्रोटिएझ हे प्रोटीन आणि त्यात बसलेले इंडिनाव्हिर हे औषध. लिगंड वेगळा काढायचा, पाणी काढायचे, ध्रुवीय हायड्रोजन जोडायचे आणि दोन्ही फायली व्हिनाला लागणाऱ्या पीडीबीक्यूटी या प्रकारात साठवायच्या. पाणी मात्र डोळे मिटून पुसू नये. याच रचनेत प्रोटीनच्या दोन झडपा आणि औषध यांना जोडणारा पाण्याचा एक रेणू आहे. लिगंडमधली वलये व्हिना वळवत नाही, म्हणून वलयाला खुर्चीच्या (चेअर) जागी होडीचा (बोट) आकार देऊन बसलात तर तोच शेवटपर्यंत राहतो.

सगळ्यात जास्त घोळ ग्रिड बॉक्समध्ये, म्हणजे लिगंडची जागा जिथे शोधायची त्या चौकटीत होतो. तयारीसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑटोडॉक टूल्समध्ये बिंदूंमधले अंतर मुळात ०.३७५ अँगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग) असते, व्हिनाला मात्र माप थेट अँगस्ट्रॉममध्ये लागते. पडद्यावरचे ६० बिंदू म्हणजे २२.५ अँगस्ट्रॉम, कॉन्फिग फायलीत तेच ६० उतरवले की बॉक्स जवळपास एकोणीसपट फुगतो. व्हिना २७,००० घन अँगस्ट्रॉमच्या वर इशारा देते, पण तो वाचतो कोण! टूल्समध्ये आधीच बिंदूंमधले अंतर १ करून घ्या. बॉक्स मोठा ठेवणे भागच असेल तर एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून घ्यायचा ते ठरवणारा आकडा) ८ वरून ३२ करा.

निकालाच्या तक्त्यातला आरएमएसडी (अणूंच्या जागांमधले सरासरी अंतर) अनेक प्रबंधांत ‘पडताळणी’ म्हणून छापलेला दिसतो. तो आकडा पहिल्या पोझपासूनचे (व्हिनाने सुचवलेल्या लिगंडच्या पहिल्या बसणीपासूनचे) अंतर सांगतो, स्फटिकातल्या लिगंडपासूनचे नव्हे. पहिल्या ओळीत शून्य येणारच. खऱ्या पडताळणीसाठी मूळ लिगंड पुन्हा डॉक करून स्फटिकातल्या जागेशी वेगळी तुलना करावी लागते. २ अँगस्ट्रॉमच्या आत आले तर पुढे जा.

राहता राहिला स्कोअर, म्हणजे बंधन किती घट्ट याचा अंदाज; जितका जास्त उणे तितका चांगला. व्हिनाची स्वतःची प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल आहे आणि खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरीत बंधन दहापट बदलते. मग उणे ८.४ आणि उणे ९.१ यांत विजेता ठरवण्यात काय अर्थ? शिवाय मोठ्या रेणूला स्कोअर आपसूकच चांगला मिळतो. पोझ पाहायला, शंभर रेणूंतून प्रयोगासाठी दहा निवडायला व्हिना उत्तम. ‘प्रभावी औषध सापडले’ असे लिहायला नाही.

आणि प्रबंधात आवृत्ती, बॉक्सचे केंद्र व मापे, एक्झॉस्टिव्हनेस आणि सीड (यादृच्छिक शोधाचा सुरुवातीचा आकडा) नोंदवा. सीड दिला नाही तर दर वेळी थोडे वेगळे आकडे येतात आणि परीक्षकाला तुमचा निकाल पुन्हा काढून पाहता येत नाही.